लाटेखालचा तळ आधी विचारा : बालीतील सर्फिंगविषयी वाचकांचे प्रश्न

इंडोनेशियातील बाली बेटावर सर्फिंगसाठी जाऊ इच्छिणाऱ्या वाचकांच्या पत्रांपैकी निवडक प्रश्न थोडे संक्षिप्त करून येथे घेतले आहेत. विमानाची तिकिटे आणि हॉटेले यांची माहिती कोठेही मिळते. म्हणून उत्तरांचा भर समुद्रावर ठेवला आहे.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी आणि आमची दहा वर्षांची मुलगी मे महिन्याच्या सुट्टीत दहा दिवसांसाठी बालीला जाण्याच्या विचारात आहोत. तिघांनाही तरणतलावात चांगले पोहता येते. सर्फिंग मात्र कधी केलेले नाही. उलुवाटूची दृश्ये पाहून तेथेच कड्यावरच्या हॉटेलात उतरावे आणि तेथेच शिकावे, असे मनात आहे. हे योग्य ठरेल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : उलुवाटूला राहण्यास हरकत नाही, शिकण्यास मात्र आहे. सर्फिंगसाठी किनारा निवडताना लाट किती उंच आहे हे नंतर पाहावे. ती कशावर फुटते, हे आधी विचारावे. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की लाट फुटते. म्हणजे मीटरभर उंचीची लाट जेथे फुटते, तेथे उभ्या माणसाच्या छातीपर्यंतच पाणी असते, आणि लाट उभी राहताना समोरचे पाणी स्वतःकडे ओढून घेत असल्यामुळे पडणाऱ्याच्या वाट्याला त्याहूनही कमी येते. तळाशी वाळू असेल तर नाकातोंडात पाणी जाते आणि माणूस खोकत, हसत उठतो. तळाशी प्रवाळ असेल तर पाठ सोलवटून निघते आणि पुढचे चार दिवस खोलीत बसून काढावे लागतात.

बाली हे ज्वालामुखींनी घडवलेले बेट आहे. आगुंग आणि बातुर हे त्याचे दोन जागृत ज्वालामुखी. तरीही त्याचा सगळा किनारा एका जातीचा नाही, आणि सहल आखणाऱ्याने नेमके हेच ध्यानात घ्यायला हवे. उलुवाटू ज्यावर वसले आहे ते दक्षिणेकडचे बुकित द्वीपकल्प ज्वालामुखीचे नाहीच. ते समुद्रातून वर उचललेल्या चुनखडीचे पठार आहे. म्हणून तेथे पांढरे कडे, पांढरी वाळू आणि पाण्याखाली पसरलेली प्रवाळाची धारदार बैठक आढळते. हे द्वीपकल्प बाकीच्या बेटाला जमिनीच्या एका सखल, अरुंद पट्टीने जोडलेले आहे. विमानतळ त्याच पट्टीवर आहे, आणि त्याच्या उत्तरेला लागूनच कुटाचा लांबलचक वाळूचा किनारा सुरू होतो. कुटाहून उत्तरेस चांग्गूकडे सरकावे तशी वाळू करडी, पुढे काळपट होत जाते, कारण ती डोंगरांवरून नद्यांनी आणलेली ज्वालामुखीची माती आहे. पश्चिमेला आणखी दूर मेडेवी येथे मोठमोठे गोल गोटे आहेत. नदीमुखाशी गोडे पाणी आणि गाळ येत असल्याने प्रवाळ नीट वाढत नाही, आणि त्यामुळे तेथील लाटेची घडण निराळी होते.

आता उलुवाटूविषयी. तेथे पाण्यात उतरण्याची वाट कड्याच्या पोटातल्या गुहेतून जाते. अरुंद पायऱ्या उतरून, बोर्ड काखेत धरून, खडकांच्या फटीतून आत घुसणाऱ्या पाण्यात पाऊल टाकायचे आणि लाट ओसरताच बोर्डावर पालथे होऊन हातांनी वल्हवत बाहेर पडायचे. परतताना त्याच गुहेच्या तोंडाशी नेमके यावे लागते. भरती असेल तर किनाऱ्यालगतचा प्रवाह सर्फरला गुहेपुढून वाहून नेतो. मग पुन्हा बाहेर जाऊन, मोठा वळसा घेऊन दुसरा प्रयत्न करावा लागतो. वर कड्यावर चहा घेत बसलेल्याला यातले काहीही दिसत नाही. त्याला फक्त निळ्या पाण्यावरच्या पांढऱ्या रेघा दिसतात. तेव्हा उलुवाटूला एक संध्याकाळ जरूर जा, लाटा पाहा, मंदिर पाहा. माकडांपासून चष्मा मात्र सांभाळा.

शिकण्यासाठी कुटा किंवा त्याला लागून असलेले लेगियान गाठावे. सुशिक्षित प्रवासी कुटाचे नाव काढले की नाक मुरडतात, कारण तेथे गर्दी, गोंगाट आणि टी-शर्टांची दुकाने आहेत. पण १९३६ मध्ये रॉबर्ट कोक या अमेरिकी माणसाने त्याच किनाऱ्यावर हॉटेल काढले आणि हवाईत पाहिलेली सर्फिंगची कला बालीत प्रथम तेथेच आणली, ती काही उगीच नव्हे. तळाशी वाळू, हळूहळू वाढणारी खोली आणि कमरेएवढ्या पाण्यातही पुरेसा जोर असलेला फेसाळ लोंढा, इतक्या गोष्टी नवशिक्याला एके ठिकाणी सहसा मिळत नाहीत. पहिला धडा पाण्यात होतच नाही. प्रशिक्षक ओल्या वाळूत बोटाने बोर्डाची आकृती काढतो, तुम्हाला तिच्यावर पालथे झोपवतो आणि तळहात बरगड्यांशी टेकून एका झटक्यात उभे राहण्याची क्रिया वीसवीस वेळा करून घेतो. त्यात चेष्टा वाटण्यासारखे काही नाही. पाण्यात या क्रियेसाठी जेमतेम दोन सेकंद मिळतात.

दहा दिवसांपैकी पहिले चार-पाच दिवस कुटा-लेगियानला द्यावेत आणि रोज एकच सत्र, तेही दीड ते दोन तासांचे, घ्यावे. दुसऱ्या दिवशी खांदे आणि बरगड्या इतक्या दुखतात की जेवणाच्या ताटापर्यंत हात नेणेही नको वाटते. म्हणून तिसरा किंवा चौथा दिवस पाण्याबाहेरच ठेवावा आणि उबुदकडे किंवा बातुर सरोवराकडे फिरून यावे. त्यानंतर चांग्गूजवळच्या बातु बोलोंगची लाट पाहता येईल. ती संथ आहे, लांब बोर्डाला मानवते. मात्र तेथे तळाशी वाळूबरोबर खडकही आहे आणि पाण्यात माणसांची दाटी असते. प्रशिक्षकाने सुचवले तरच तेथे जावे. मुलीसाठी स्वतंत्र प्रशिक्षक घ्या आणि तो तिच्याबरोबर पाण्यातच उभा राहील, हे आधी ठरवून घ्या. मोठ्यांसाठीही एका प्रशिक्षकामागे दोनपेक्षा अधिक विद्यार्थी असतील, तर दुसरी शाळा शोधावी.

तरणतलावातले पोहणे उपयोगी आहे, पण पुरेसे नाही. कुटाला किनाऱ्यापासून आत ओढून नेणारे प्रवाह तयार होतात. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असताना मधला पट्टा शांत दिसला, की तो पोहण्यास सोयीचा नसून बहुधा त्या ओढीचा मार्ग असतो. त्यात सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नये. बोर्ड सोडू नये, किनाऱ्याला समांतर सरकून फेस दिसतो तेथे यावे आणि हात वर करून मदत मागावी. लाल-पिवळ्या झेंड्यांमधील भाग जीवरक्षकांच्या नजरेखाली असतो, तर नुसता लाल झेंडा असेल तेथे पाण्यात उतरू नये.

प्रश्न : बालीत सर्फिंगसाठी सर्वांत चांगला महिना कोणता? आम्हाला सुट्टी एकतर दिवाळीत मिळते किंवा नाताळात. (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : प्रत्येकाचा चांगला महिना निराळा असतो, आणि तो का, हे समजून घेतले तर दिवाळी की नाताळ, याचे उत्तर आपोआप मिळेल.

बालीच्या लाटा बालीजवळ जन्मत नाहीत. दक्षिण हिंदी महासागरात, चाळीस ते साठ अंश दक्षिण अक्षांशांच्या दरम्यान मोठी वादळे होतात आणि त्यांनी ढवळलेले पाणी लांब, सुबक लाटांच्या रूपाने उत्तरेकडे निघते. या दूरवरून आलेल्या लाटांना सर्फर स्वेल म्हणतात. दोन लाटांमध्ये सोळा सेकंदांचे अंतर असलेला स्वेल खोल समुद्रात दिवसाला सुमारे एक हजार किलोमीटर चालतो. म्हणजे तिकडचे वादळ बालीच्या किनाऱ्यावर चार-पाच दिवसांनी पोहोचते. म्हणूनच पाच दिवस आधीचा लाटांचा अंदाज बऱ्यापैकी विश्वासार्ह असतो आणि त्यापलीकडचा जपूनच वापरावा. हीच वादळे केरळच्या किनाऱ्यालाही त्रास देतात. वारा नसताना, आकाश निरभ्र असताना समुद्र घरांत शिरतो, त्याला तेथे कल्लक्कडल म्हणतात, आणि हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था त्याचे इशारे देते.

तिकडचा हिवाळा म्हणजे आपला पावसाळा, त्यामुळे मे ते सप्टेंबर या काळात स्वेल सर्वांत मोठा असतो. त्याच सुमारास, साधारण एप्रिल ते ऑक्टोबर, बालीत कोरडा ऋतू असतो आणि आग्नेयेकडून वारा वाहतो. तो पश्चिम किनाऱ्यावर जमिनीकडून समुद्राकडे जातो, येणाऱ्या लाटेला समोरून आधार देतो आणि तिची भिंत उभी धरतो. कुटा, चांग्गू, बुकितचा पश्चिम किनारा यांचा हा हंगाम. पूर्वेकडे केरामास येथे हाच वारा समुद्राकडून येऊन लाट विस्कटतो. म्हणून कोरड्या ऋतूत तेथे जाणकार उजाडतानाच पाण्यात असतात आणि वारा जागा होताच बाहेर येतात. नोव्हेंबर ते मार्च पावसाचा काळ. तेव्हा वारा पश्चिमेकडून फिरतो, पश्चिम किनाऱ्यावरची लाट बिघडते आणि सानूर, नुसा दुआ यांसारख्या पूर्वेकडच्या जागा रंगात येतात. पण त्या प्रवाळावरच्या आहेत.

निष्णात सर्फरने जून ते ऑगस्ट हा काळ निवडावा. नवशिक्याने तो शक्यतो टाळावा, कारण लाट मोठी असते, गर्दी मोठी असते आणि दरही चढे असतात. दिवाळी आणि नाताळ यांतून निवडायचे तर दिवाळी. त्यातही ती ऑक्टोबरमध्ये येत असेल तर फारच उत्तम. वारे मंद पडलेले असतात, स्वेल उतरणीला लागलेला असतो आणि पाऊस सहसा पुरता सुरू झालेला नसतो. नाताळात मात्र पश्चिमेचा वारा कुटाच्या वाळूवर प्लॅस्टिकचा आणि ओंडक्यांचा खच आणून टाकतो. किनारा रोज साफ करतात, तरी दुसऱ्या भरतीला तो पुन्हा भरतो. जोराच्या पावसानंतर नदी-नाल्यांचे पाणी समुद्रात उतरते, तेव्हा एक-दोन दिवस नदीमुखाजवळ पाण्यात न गेलेले बरे. पाणी मात्र बाराही महिने ऊबदार असते, २६ ते २९ अंशांच्या आसपास. रबरी सूट लागत नाही.

अंदाज वाचताना केवळ उंची पाहणे ही नवख्यांची नेहमीची चूक. एक मीटर उंची आणि सात सेकंदांचे अंतर म्हणजे जवळच्या वाऱ्याने उठवलेली किरकोळ खळबळ. एक मीटर आणि पंधरा सेकंद म्हणजे दूरवरून आलेली, किनाऱ्याजवळ फुगून जवळजवळ दुप्पट होऊ शकणारी लाट. त्यानंतर वाऱ्याची दिशा पाहावी आणि मग भरती-ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, तेव्हा बालीत भरती-ओहोटीतला फरक दोन मीटरांहून अधिक होतो; अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस असतात आणि पाणी कमी हलते. कोकणातल्या वाचकांना हे सांगायला नको. प्रवाळावरच्या जागी उधाणाच्या ओहोटीला पाणी गुडघ्याएवढे उरते. कॅलेंडरवरची तिथी पाहून मधले दिवस नव्या जागांसाठी राखून ठेवता येतात.

प्रश्न : मी कर्नाटकातील मुळकी येथे सर्फिंग शिकलो असून आता फुटण्यापूर्वीच्या हिरव्या लाटेवर उभा राहू शकतो. बालीत पाडांग पाडांगला जावे काय? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : इतक्यात नको. पाडांग पाडांगची प्रसिद्ध डावी लाट, म्हणजे तिच्यावरच्या सर्फरच्या डावीकडे फुटत जाणारी, उथळ प्रवाळावर नळीसारखी गुंडाळते आणि चूक माफ करत नाही. त्याच खाडीत दुसऱ्या बाजूला एक उजवी, सौम्य लाट आहे. मध्यम ते पूर्ण भरतीला, लहान स्वेल असताना आणि स्थानिक मार्गदर्शक बरोबर असताना तुम्ही ती करून पाहू शकता. तुमच्यासारख्यांना मी मेडेवी सुचवेन. कुटाहून मोटारीने दोन-अडीच तास लागतात, रात्रीची करमणूक जवळजवळ नाही, तळाशी गोटे असल्याने पायात रबरी बूट हवेत. पण डावीकडे लांबवर धावणारी, विचार करायला वेळ देणारी लाट आहे. तेथे दोन-तीन रात्री राहून पहाटे पाण्यात उतरलात, तर चांग्गूतल्या आठवड्यापेक्षा अधिक शिकाल.

गर्दीच्या जागी तंत्रापेक्षाही रीत सांभाळावी लागते. लाट जेथे प्रथम फुटते त्या बिंदूच्या सर्वांत जवळ असलेल्याचा तिच्यावर पहिला हक्क असतो; तो उठला की इतरांनी थांबायचे. त्याच्या पुढ्यात लाट घेणे हा पाण्यातला मोठा अपराध समजला जातो आणि त्यावरून भांडणे होतात. बाहेर जाताना लाट घेणाऱ्याच्या वाटेतून न जाता वळसा घालावा. समोरून फेस अंगावर येत असताना बोर्ड सोडून स्वतः बुडी मारण्याचा मोह होतो. मागे कोणी असेल तर तो बोर्ड त्याच्या तोंडावर आदळतो. नव्या जागी पाण्यात उतरण्यापूर्वी अर्धा तास किनाऱ्यावर बसून लोक कोठून आत जातात, कोठून बाहेर येतात आणि कोठे थांबतात, एवढे पाहावे. आणि स्थानिक मंडळींशी नजरानजर झाली तर हसावे. निम्मे प्रश्न तेथेच मिटतात.

प्रश्न : मुलगा मित्रांबरोबर बालीला सर्फिंगसाठी जाणार म्हणतो. ज्वालामुखी फुटला तर काय, ही धास्ती आहे. शिवाय तेथे सगळे स्कूटरवर फिरतात असे ऐकते. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ताई, या दोहोंपैकी जास्त काळजी स्कूटरची करावी.

आगुंगचा १९६३ चा उद्रेक भीषण होता आणि त्यात हजाराहून अधिक माणसे गेली, हे खरे. परंतु आज ज्वालामुखींवर सतत देखरेख असते, धोक्याच्या पातळ्या जाहीर होतात आणि सर्फिंगचा दक्षिण किनारा शिखरापासून बराच दूर आहे. प्रवाशाला प्रत्यक्षात गाठते ती राख, आणि तीही पुष्कळदा शेजारच्या बेटावरची. जुलै २०१५ मध्ये पूर्व जावातील राउंगच्या राखेने, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोंबोकवरील रिंजानीच्या राखेने आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये आगुंगच्या राखेने बालीचा विमानतळ बंद पाडला. २०२४ आणि २०२५ मध्ये दूरच्या फ्लोरेस बेटावरील लेवोतोबीमुळे बालीची अनेक उड्डाणे रद्द झाली. म्हणजे धोका जिवाला कमी, परतीच्या तारखेला जास्त. प्रवासविमा तिकीट काढतानाच घ्यावा, कारण उद्रेक जाहीर झाल्यानंतर घेतलेला विमा त्या उद्रेकाची भरपाई सहसा देत नाही. त्यात उड्डाण रद्द होणे आणि सर्फिंग या दोन्ही बाबी स्पष्टपणे समाविष्ट आहेत का, हे वाचून पाहावे. काही विमापत्रांत सर्फिंग साहसी खेळांत मोडते आणि वगळलेले असते. परतल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी परीक्षा किंवा मुलाखत ठेवू नये.

स्कूटरचे म्हणाल तर, बोर्ड अडकवण्यासाठी बाजूला लोखंडी आकडे लावलेल्या स्कूटरी तेथे सर्वत्र भाड्याने मिळतात आणि देणारा परवाना क्वचितच मागतो. पोलीस मागतात, आणि अपघातानंतर विमा कंपनी तर नक्कीच मागते. मुलाकडे दुचाकीची नोंद असलेला आंतरराष्ट्रीय परवाना नसेल, तर स्कूटर घ्यायची नाही, हे येथूनच पक्के करा. शिकणाऱ्यांसाठी किनाऱ्यापासून चालत जाता येईल अशी खोली घेणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. लांबच्या जागांसाठी मित्रांनी मिळून चालकासह मोटार घ्यावी. कुत्रे किंवा माकड चावल्यास जखम साबणाने पंधरा मिनिटे धुवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा, कारण बालीत रेबीज आहे.

प्रश्न : मार्च महिन्यात बालीत एक दिवस समुद्रावरही जाऊ देत नाहीत, हे खरे आहे का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : खरे आहे. तो न्येपी, म्हणजे बाली हिंदूंचा नववर्षदिन. त्या दिवशी सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत विमानतळ बंद, रस्ते रिकामे, दिवे मंद आणि मोबाइलवरचे इंटरनेटही बंद असते. परदेशी पाहुण्यांनीही हॉटेलच्या आवारातच थांबायचे. लाटा कितीही सुंदर असल्या तरी त्या दिवशी समुद्र कोणाचाच नसतो. त्यांचे वर्ष शकाचेच आहे. २०२५ मध्ये आपल्याकडे शके १९४७ सुरू झाले तसे तेथेही १९४७ लागले. न्येपी २९ मार्चला होती आणि गुढीपाडवा ३० मार्चला. २०२६ मध्ये तर दोन्ही १९ मार्चलाच आहेत. अधिक महिना धरण्याची पद्धत निराळी असल्याने एखाद्या वर्षी महिन्याभराचा फरक पडतो, जसा २०२४ मध्ये पडला. तेव्हा पाडव्यावरून अंदाज न करता न्येपीची तारीख पाहूनच तिकीट काढावे. आदल्या संध्याकाळी गावोगावी अक्राळविक्राळ राक्षसांच्या प्रतिमांची मिरवणूक निघते. ती चुकवू नका.

प्रश्न : बोर्ड येथून विकत घेऊन न्यावा की तेथे भाड्याने घ्यावा? (एक वाचक, मुंबई)

उत्तर : भाड्याने. शिकणाऱ्याला आठ-नऊ फुटांचा, फोमचा, रुंद बोर्ड लागतो; तो विमानात नेणे महागाचे आणि कटकटीचे असते, आणि कुटाच्या वाळूवर असे बोर्ड रांगेने उभे असतात. घेताना पायाला बांधायची दोरी ओढून पाहावी, तळाच्या पंखांपैकी एखादा सैल नाही ना ते तपासावे आणि आधीच्या खोका-भेगांचे छायाचित्र दुकानदारासमोरच काढून ठेवावे. येथून न्यायच्या त्या तीन गोष्टी : लांब बाह्यांचा, अंगाला घट्ट बसणारा पोहण्याचा सदरा, चेहऱ्यासाठी झिंकचा जाड लेप आणि जखमेचे साहित्य. सदरा नसेल तर फोमवर घासून पोट आणि छाती पहिल्याच दिवशी लाल होते.

प्रश्न : जाण्यापूर्वी महाराष्ट्रातच थोडा सराव करता येईल का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : पावसाळ्यात कोकणच्या खवळलेल्या समुद्रात हौसेने उतरणे हा सराव नव्हे, त्या विचारापासून दूर राहावे. पावसाळा संपल्यावर गोव्यात मोरजी, अश्वे, हरमल या भागांत सौम्य लाटांवर शिकवणाऱ्या शाळा चालतात. कर्नाटकातील मुळकी येथे तर देशातील जुनी सर्फिंग शाळा आहे. तेथील एक शनिवार-रविवार बालीतले पहिले दोन दिवस वाचवतो. घरच्या घरी करायचे तर जमिनीवर पालथे झोपून उभे राहण्याची क्रिया रोज करावी, खांद्यांचा व्यायाम करावा आणि तलावात न थांबता चारशे मीटर पोहण्याइतका दम कमवावा.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत. सर्फिंगनंतर भूक लागते म्हणतात. हाल होतील का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : होणार नाहीत. तेम्पे म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, तोफू, शेंगदाण्याच्या दाट रश्शातली गादो-गादो ही भाजी आणि भात हे तेथील रोजचे अन्न आहे. अडचण एकच : मिरचीच्या ठेच्यात, ज्याला सांबल म्हणतात, बहुधा आंबवून वाळवलेल्या कोळंबीचा तेरासी हा पदार्थ असतो. ‘तान्पा तेरासी’, म्हणजे तेरासीशिवाय, एवढे दोन शब्द पाठ करून जा. पाण्यात उतरण्यापूर्वी दोन तास भरपेट जेवू नये. पालथे झोपून वल्हवताना ते बाधते.

प्रश्न : व्हिसाची काय सोय आहे? आणि प्रवाळाने खरचटल्यास काय करावे? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : भारतीय पारपत्रधारकांना विमानतळावर उतरल्यावर तीस दिवसांचा व्हिसा मिळतो, त्याचे शुल्क पाच लाख रुपिया असून तो एकदा, आणखी तीस दिवसांसाठी वाढवता येतो. याशिवाय १४ फेब्रुवारी २०२४ पासून परदेशी पाहुण्यांना बालीसाठी दीड लाख रुपिया वेगळे भरावे लागतात. पारपत्राची मुदत सहा महिने शिल्लक हवी आणि परतीचे तिकीट जवळ हवे. निघण्यापूर्वी शुल्क पुन्हा पडताळून घ्या. तेथील घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, त्यामुळे पहिले दोन दिवस पहाटे उठणे जड जाते.

प्रवाळाची जखम दिसायला किरकोळ आणि वागायला खट असते, कारण प्रवाळाचे बारीक कण आत राहतात आणि ती चिघळते. ताबडतोब स्वच्छ गोड्या पाण्याने आणि साबणाने धुवावी. दुखले तरी मऊ ब्रशने किंवा कापडाने घासून कण काढावेत, जंतुनाशक लावावे आणि कोरडी पट्टी बांधावी. किनाऱ्यावरचे लोक वर लिंबू पिळायला सांगतील; त्याने डोळ्यांत पाणी येते, पण धुण्याची जागा ते घेऊ शकत नाही. धनुर्वाताची लस निघण्यापूर्वीच घेतलेली असावी. जखम बंद होईपर्यंत समुद्रात उतरू नये, आणि भोवतीची त्वचा गरम, लाल होऊ लागली किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. समुद्री साळिंद्राचे, म्हणजे तळाशी चिकटून राहणाऱ्या काटेरी, गोल ‘सी अर्चिन’चे काटे पायात मोडले, तर सुईने उकरत बसू नये. सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवावा, त्याने वेदना कमी होते, आणि सांध्याजवळचे काटे डॉक्टरांनाच काढू द्यावेत.